हवामहलासमोरची सकाळ : एका रस्त्याचे छायाचित्र टिपताना

पॅरिसमधील ‘बुलेव्हार द्यु ताम्प्ल’ हा एकोणिसाव्या शतकातील एक गजबजलेला हमरस्ता. १८३८ साली लुई दागेर यांनी एका उंच खिडकीतून त्याचे छायाचित्र घेतले. आश्चर्य असे, की त्या चित्रात हा रस्ता जवळजवळ निर्मनुष्य दिसतो. घोडागाड्या नाहीत, पादचारी नाहीत. त्या काळी रसायनाचा थर दिलेल्या धातूच्या पट्टीवर प्रतिमा उमटण्यास काही मिनिटे लागत, आणि तेवढ्या अवधीत जे जे हलले ते ते पुसले गेले. एका कोपऱ्यात मात्र एक गृहस्थ बुटांना पॉलिश करून घेत स्थिर उभे होते. ते आणि त्यांच्या पायाशी बसलेला कारागीर एवढेच चित्रात टिकले. छायाचित्रात उमटलेला पहिला ज्ञात मानव म्हणून त्या गृहस्थांचा उल्लेख आजही होतो. त्यांचे नाव मात्र कोणासच ठाऊक नाही. पॉलिश करणाऱ्याचे तर नाहीच नाही.

प्रवासात एखाद्या प्रसिद्ध रस्त्याचे छायाचित्र घेणाऱ्या प्रत्येकापुढे तोच प्रश्न आजही उभा असतो. वास्तू जागच्या जागी राहते, माणसे क्षणात निघून जातात. मग चित्र कोणाचे घ्यायचे? वास्तूचेच हवे असेल, तर त्याहून सरस छायाचित्रे पोस्टकार्डांवर आणि दिनदर्शिकांवर सहज मिळतात. प्रवाशाच्या छायाचित्राचे मोल वेगळ्या गोष्टीत आहे. त्या दिवशी, त्या घटकेला तो रस्ता कसा होता आणि तेथे कोण होते, याची ती नोंद असते. ही नोंद नीट व्हावी यासाठी थोडे ज्ञान, थोडी तयारी आणि पुष्कळसे सौजन्य लागते. जयपूरच्या हवामहलासमोरील रस्ता या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

रस्ता आधी, महाल नंतर

जयपूर शहर सवाई जयसिंह (दुसरे) यांनी १७२७ मध्ये वसविले. नगररचनेच्या कामात विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. सरळ, रुंद आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते, त्यांच्या छेदावर प्रशस्त चौक आणि रस्त्यांच्या दुतर्फा एकसारख्या दर्शनी भागांची दुकाने, अशी ही आखणी होती. म्हणजे रस्ता व बाजारपेठ या गोष्टी येथे नंतर सुचलेल्या नाहीत. शहर त्यांच्याभोवतीच कल्पिले गेले. या तटबंदीयुक्त शहराचा समावेश युनेस्कोने २०१९ मध्ये जागतिक वारसा यादीत केला. मराठी पर्यटकास आपुलकी वाटावी अशी एक गोष्टही येथे आहे. जयसिंहांच्या दरबारातील गणिती व ज्योतिर्विद जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. युक्लिडची भूमिती त्यांनी ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली.

हवामहल उभा राहिला तो त्यानंतर बहात्तर वर्षांनी, १७९९ मध्ये. सवाई प्रतापसिंह यांच्या कारकिर्दीत लालचंद उस्ता यांनी त्याची रचना केली. पाच मजले, सुमारे १५ मीटर उंची आणि ९५३ लहान गवाक्षे असे त्याचे रूप आहे. मधमाश्यांच्या पोळ्याची आठवण करून देणारा हा देखावा जितका भव्य, तितकाच आतून सडपातळ आहे. वरचे तीन मजले जेमतेम एका दालनाइतक्या रुंदीचे आहेत. सर्व जग ज्या बाजूचे छायाचित्र घेते ती वस्तुतः महालाची मागील बाजू आहे. आत जाण्याचा मार्ग पलीकडून, राजवाड्याच्या अंगाने आहे.

मागील बाजू एवढी सजविण्याचे कारण तिच्या उपयोगात दडलेले आहे. पडदा पाळणाऱ्या राजस्त्रियांना खालच्या रस्त्यावरील मिरवणुका, उत्सव आणि रोजचा बाजार पाहता यावा, पण रस्त्यावरून त्या कोणास दिसू नयेत, यासाठी ही जाळीदार गवाक्षे घडविली गेली. हवामहल ही रस्त्याकडे पाहण्यासाठीच बांधलेली वास्तू आहे. कॅमेरा घेऊन तिच्यासमोर उभा राहणारा पर्यटक या हेतूचा क्रम उलटा करतो. ही गोष्ट ध्यानात आली, की केवळ महाल चौकटीत बसवून रस्ता कापून टाकणारे छायाचित्र अपुरे का वाटते, याचाही उलगडा होतो. ज्या रस्त्यासाठी गवाक्षे घडली तो रस्ताच त्यात नसतो.

छायाचित्रकार राजा

या शहराचे छायाचित्रणाशी असलेले नाते बरेच जुने आहे. १८३५ ते १८८० या काळात जयपूरच्या गादीवर असलेले सवाई रामसिंह (दुसरे) स्वतः हौशी व कुशल छायाचित्रकार होते. राजवाड्यात त्यांनी छायाचित्रणाचे स्वतंत्र दालन थाटले होते, आणि त्यांनी घेतलेल्या काचपट्ट्या जयपूरच्या राजवाडा संग्रहालयात जतन झालेल्या आहेत. त्या काळच्या पद्धतीत काचेला ओले रसायन लावावे लागे, आणि ते वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन पट्टी धुवावी लागे. आज बोटाच्या एका स्पर्शाने होणारे काम तेव्हा एका छोट्या प्रयोगशाळेचे होते.

शहराला गुलाबी रंग चढला तोही याच राजाच्या कारकिर्दीत. १८७६ मध्ये इंग्लंडचे युवराज अल्बर्ट एडवर्ड यांच्या स्वागतासाठी शहर रंगविण्यात आले, असे सांगितले जाते. गंमत अशी, की ज्या राजाने शहर गुलाबी केले त्याच्या काचपट्ट्यांना तो रंग टिपणे शक्य नव्हते. चित्र काळे-पांढरे होते हे एक कारण. शिवाय त्या रसायनावर निळ्या प्रकाशाचा परिणाम तत्काळ होई, तांबड्याचा जवळजवळ होतच नसे. त्यामुळे तांबूस भिंती काळवंडून येत आणि आकाश कोरे पांढरे दिसे. प्रत्येक यंत्राची दृष्टी अशी मर्यादित असते. आजच्या कॅमेऱ्यांनाही आपापल्या मर्यादा आहेत, त्या पुढे येतीलच.

प्रकाशाचे वेळापत्रक

हवामहलाचा रस्त्याकडील भाग पूर्वाभिमुख आहे. या एका गोष्टीवर छायाचित्राची वेळ ठरते. सकाळी सूर्य समोरून प्रकाश देतो. किरण आधी शिरोभागावर पडतात आणि मजल्यामजल्याने खाली उतरतात, कारण समोरच्या इमारतींची सावली तळमजल्यावरून सर्वांत शेवटी हटते. अगदी पहिला प्रकाश सोनेरी पण सपाट असतो. सूर्य थोडा वर आला, की पुढे आलेल्या गवाक्षांच्या सावल्या त्यांच्याखाली पडू लागतात आणि वास्तूला उठाव येतो. दुपारनंतर सूर्य महालाच्या पाठीमागे जातो. मग दर्शनी भाग सावलीत आणि मागचे आकाश प्रखर, अशी स्थिती होते. जेवणानंतर निवांत निघालेल्या कुटुंबाची छायाचित्रे काळपट येतात, ती याच कारणाने. त्यात कॅमेऱ्याचा दोष नसतो.

घड्याळाबाबत आणखी एक बारकावा आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली असून जयपूर सुमारे ७५.८ अंशांवर आहे. प्रत्येक अंशास चार मिनिटे या हिशेबाने तेथील स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटे मागे असते. हवामहलापासून जवळच असलेल्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्र हे २७ मीटर उंचीचे सूर्यघड्याळ ही स्थानिक वेळ दोन सेकंदांच्या सूक्ष्मतेने दाखवू शकते. व्यवहारात याचा अर्थ एवढाच, की पूर्व भारतातील सवयीने ठरविलेली वेळ येथे उपयोगी पडत नाही. जानेवारीच्या आरंभी जयपूरला सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, तर जूनमध्ये साडेपाचच्या सुमारास. म्हणून हिवाळ्यात आठ ते साडेनऊ आणि उन्हाळ्यात साडेसहा ते आठ हा अवधी राखून ठेवावा.

संध्याकाळी दुसरी एक संधी मिळते. सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासात आकाश काळे होण्यापूर्वी गडद निळे असते आणि रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. या वेळी शटर अधिक काळ उघडे राहते, म्हणून हात हलला की चित्र बिघडते. मोबाईल कठड्यावर टेकवावा, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि हात बाजूला घ्यावा. वाहनांचे दिवे तेवढ्या वेळात रेषा बनून वाहतात, आणि स्थिर उभी असलेली माणसे स्पष्ट उमटतात. पॅरिसच्या त्या जुन्या चित्रात घडले तेच येथे पुन्हा घडते.

उभे कोठे राहावे

महालासमोरील रस्ता हा वाहता रस्ता आहे. बस, दुचाक्या, सायकलरिक्षा आणि ई-रिक्षा यांची तेथे सतत वर्दळ असते. दुभाजकावर पाय ठेवून, पाठीमागे न पाहता दोन पावले मागे सरकणारा पर्यटक हे तेथील नित्याचे, आणि तितकेच धोक्याचे दृश्य आहे. चित्र कितीही चांगले असले तरी त्यासाठी एवढी जोखीम पत्करण्यात शहाणपण नाही. चौकट जुळविणे पदपथावर उभे राहूनच करावे, आणि लहान मुले बरोबर असल्यास एका मोठ्या माणसाने कॅमेऱ्याऐवजी मुलांकडे लक्ष द्यावे.

तांत्रिक दृष्ट्याही रस्त्यावरची जागा फारशी सोयीची नाही. उंच इमारत चौकटीत बसविण्यासाठी मोबाईल वर कलविला, की तिच्या उभ्या रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकतात आणि महाल मागे कोसळत असल्यासारखा दिसतो. उपाय सोपा आहे. समोरच्या इमारतींच्या गच्च्यांवर उपाहारगृहे आहेत. तेथे चहा मागवून बसले, की नजर महालाच्या मध्याइतक्या उंचीवर येते, मोबाईल सरळ धरता येतो आणि खालचा रस्ताही चौकटीत येतो. चहाचे पैसे हा जागेचा रास्त मोबदला समजावा. काही न घेता दुकानदाराच्या दारात गर्दी करून त्याचे गिऱ्हाईक अडविणे मात्र योग्य नव्हे.

वाहन नेण्यापेक्षा मेट्रो सोयीची पडते. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेले बडी चौपड हे भुयारी स्थानक हवामहलापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

कॅमेऱ्याचे स्वभावदोष

आजचे मोबाईल बरेचसे निर्णय स्वतःच घेतात, आणि ते निर्णय सरासरीवर आधारलेले असतात. चौकट बहुतांशी गुलाबी असली, की यंत्रास तो रंग प्रकाशाचा दोष वाटू शकतो आणि ते तो फिका करून टाकते. रंगसमतोल ‘डेलाइट’वर ठेवल्यास गेरूचा खरा तांबूसपणा टिकतो. आकाश चौकटीत जास्त असेल तर यंत्र एकूण चित्र काळपट करते. अशा वेळी पडद्यावर महालावर बोट दाबून ठेवले, की फोकस व प्रकाश तेथे स्थिरावतो. अंकीय झूम म्हणजे बहुधा चित्राचा तुकडा कापून मोठा करणे असते, त्यापेक्षा चार पावले पुढे जावे. पडद्यावरील जाळीच्या रेषा चालू ठेवल्यास क्षितिज तिरके होत नाही. आणि या सर्वांच्या आधी, भिंग मऊ कापडाने पुसावे. खिशातील धूळ व बोटांचा तेलकटपणा यांनी जितकी छायाचित्रे धूसर होतात, तितकी अन्य कोणत्याही कारणाने होत नसतील.

फिल्मच्या काळात एका रोलमध्ये छत्तीस चित्रे मिळत. प्रत्येक चित्राला किंमत होती, म्हणून प्रत्येक चित्रापूर्वी विचार होता. आज संख्येची मर्यादा नाही. तरीही मनाशी छत्तीसांची मर्यादा घालून घेतली, तर दृष्टी अधिक सजग होते असा अनुभव अनेकांना येईल. पहिली पाच मिनिटे तर कॅमेरा खिशातच ठेवावा. दुकानाचे दार कोण उघडतो, झाडलोट कोण करतो, कबुतरे केव्हा उडतात, सायकलरिक्षा कोठे वळते, हे पाहावे. रस्त्याचीही एक लय असते. ती एकदा कळली, की हवा तो क्षण येण्याआधी हात तयार असतो.

चौकटीतील माणसे

सार्वजनिक रस्त्यावरून एखाद्या वास्तूचे छायाचित्र घेण्यास सामान्यतः कायद्याची आडकाठी नाही. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मध्येही वास्तूंच्या छायाचित्रांना मुभा आहे. मात्र मनाईचा फलक असलेली ठिकाणे आणि सुरक्षाव्यवस्था यांची छायाचित्रे टाळावीत. ड्रोन वापरायचा असल्यास ड्रोन नियम, २०२१ मधील अटी आधी पाहाव्यात. कायद्याचे प्रकरण येथे संपते. सौजन्याचे प्रकरण पुढे सुरू होते.

दुरून टिपलेल्या रस्त्यात येणारी गर्दी वेगळी आणि जवळून टिपलेला एखादा चेहरा वेगळा. मोजड्या मांडणारा दुकानदार, लाखेच्या बांगड्या दाखविणारी स्त्री, सायकलरिक्षा ओढणारा वृद्ध हे पर्यटकासाठी ‘दृश्य’ असतात. स्वतःपुरते ते कामावर आलेले असतात. बँकेच्या खिडकीपाशी काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या तोंडासमोर कोणी न विचारता कॅमेरा धरला तर त्याला काय वाटेल, याची कल्पना करून पाहावी. ‘भाईसाहब, एक फोटो लूँ?’ एवढे विचारण्यास क्षणभर पुरतो. नकार आला तर हसून नमस्कार करावा आणि पुढे जावे. होकार आला तर चेहऱ्यावर जो मोकळेपणा येतो तो चोरून घेतलेल्या चित्रात सहसा सापडत नाही. मुलांचे छायाचित्र पालकांच्या संमतीवाचून घेऊ नये आणि समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकू नये.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘फोटो पाठवून देतो’ हे प्रवासात सर्वांत सहज दिले जाणारे आणि सर्वांत सहज विसरले जाणारे वचन आहे. पूर्वी त्यासाठी पत्ता लिहून घ्यावा लागे, छायाचित्र छापावे लागे, टपाल खर्च होई. विसर पडण्यास निदान निमित्त असे. आता समोरच्या व्यक्तीच्या मोबाईलवर चित्र तेथल्या तेथे पाठविता येते. ज्यांच्याकडे तशी सोय नाही, त्यांच्या दुकानाचा पत्ता घेऊन घरी परतल्यावर एक छापील प्रत टपालाने पाठविण्याचा खर्चही फार नाही. बँकव्यवहारात दिलेला शब्द म्हणजे देणे असते, आणि देणे थकले की पत जाते. पर्यटकाचीही पत असते. ती पुढच्या पर्यटकाला त्या रस्त्यावर मिळणाऱ्या वागणुकीत दिसून येते.

जोखीम आणि जपणूक

ज्या मोबाईलवर छायाचित्र घ्यायचे त्याच मोबाईलवर आज बँक खाते, ओळखपत्रे आणि देवाणघेवाणीचे व्यवहार असतात. गर्दीत तो हातातून निसटला, तर नुकसान केवळ छायाचित्रांचे होत नाही. म्हणून दोरी मनगटात अडकवावी, पडद्यास कुलूप ठेवावे, आणि एटीएम कार्ड, पासबुक वा पिन यांची छायाचित्रे मोबाईलमध्ये कधीही साठवू नयेत. मोबाईल हरवल्यास विनाविलंब आपल्या बँकेस कळवून सेवा बंद करवाव्यात, सिमकार्ड बंद करावे, आणि पोलिसांत नोंद करून दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या सुविधेद्वारे हँडसेटही रोखावा. खात्यातून पैसे गेल्याचे दिसल्यास १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी. बँकेचा मदतक्रमांक मोबाईलखेरीज कागदावरही लिहून बरोबर ठेवावा. मोबाईल हरवल्यावर मोबाईलमधला क्रमांक कामास येत नाही.

चित्रांच्या जपणुकीबाबत दागेर यांच्या त्या पट्टीचीच कथा बोलकी आहे. ती बव्हेरियाच्या राजाकडे गेली आणि म्युनिकमध्ये जतन झाली. विसाव्या शतकात तिची सफाई करण्याच्या प्रयत्नात मात्र प्रतिमा नष्टप्राय झाली. सुदैवाने त्यापूर्वी तिची प्रतिकृती घेतलेली होती, म्हणूनच ते दृश्य आज पाहावयास मिळते. एकमेव प्रत म्हणजे अर्धी गमावलेली प्रत. सहलीहून आल्यावर निवडक चित्रांची एक प्रत संगणकावर, दुसरी वेगळ्या ठिकाणी साठवावी, आणि चार-पाच चित्रे कागदावर अवश्य छापून घ्यावीत. घरातील वडीलधारी मंडळी अल्बम हातात घेऊन जेवढा वेळ रमतात, तेवढा मोबाईलच्या पडद्यापुढे रमत नाहीत.

छापलेल्या चित्रामागे दोन ओळी लिहाव्यात. दिनांक आणि स्थळ यंत्र स्वतः नोंदवते. माणसाचे नाव ते नोंदवीत नाही. हवामहलासमोर त्या सकाळी ज्या बांगडीवाल्या बाईंनी हसून संमती दिली, त्यांचे नाव विचारून घेतले असेल तर तेथे लिहावे, आणि प्रत पाठविली असेल तर तीही तारीख त्याखाली टाकावी. महालाचे नाव जगाला ठाऊक आहे, ते लिहिले नाही तरी चालेल.